मासळी तळली की अलार्म वाजतो: डिटेक्टर बदलण्याआधी हवेची वाट शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात कांदोळीला बारा खोल्यांचं गेस्टहाउस, खाली रेस्टॉरंट. दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान बांगडे-इसवण तळायला घेतले की स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमधला किंवा पहिल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधला स्मोक डिटेक्टर वाजतो. रात्रीच्या जेवणाला तेवढंच तळण असतं, तरी तेव्हा क्वचितच वाजतो. पाहुणे वैतागतात, कामाच्या पोरांनी दोन डिटेक्टरना प्लास्टिकची पिशवी बांधून टाकली आहे. ठेकेदार म्हणतो, सगळे स्मोक डिटेक्टर काढून हीट डिटेक्टर बसवू. हे बरोबर आहे का?

नाही. स्वयंपाकघरापुरतं बरोबर, कॉरिडॉरसाठी साफ चुकीचं. आणि पिशव्या आजच काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली, त्यांत बहुतेक तिथले कामगार होते आणि बरेचसे गुदमरून मेले. आगीत माणूस जळण्याआधी धुराने पडतो. झोपायच्या खोल्यांसमोरच्या कॉरिडॉरमध्ये हीट डिटेक्टर लावणं म्हणजे छताजवळ साठ अंश होईपर्यंत वाट बघणं, आणि तोवर त्या कॉरिडॉरमधून कुणी चालत बाहेर येणार नाही. पिशवी बांधलेला डिटेक्टर त्याहून वाईट, कारण अलार्मच्या पॅनेलवर, म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेल्या मुख्य पेटीवर, तो धडधाकट दिसतो. वायर जोडलेली आहे, फॉल्ट नाही, हिरवा दिवा चालू.

आता मूळ दुखण्याकडे. मी या धंद्यात बराच काळ आहे, आणि हॉटेलवाल्यांकडून येणाऱ्या अशा तक्रारींत डिटेक्टर खराब निघण्याचं प्रमाण कमी असतं. तुमचा डिटेक्टर बहुधा फोटोइलेक्ट्रिक असेल. त्याच्या आत एक काळा कप्पा असतो. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, आणि त्याच्या थेट समोर न येईल असा तिरका बसवलेला प्रकाश टिपणारा सेन्सर. हवा स्वच्छ असेल तर सेन्सरला काहीच दिसत नाही. कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरवर पडतो, ठरलेली पातळी ओलांडली की अलार्म. तो कण जळत्या गादीचा आहे, बांगड्याच्या तेलाचा आहे की भाताच्या वाफेचा, हे त्याला कळत नाही. त्याला जे भेटलं ते त्याने सांगितलं. तेव्हा विचारायचं ते हे, की स्वयंपाकघरातली हवा त्याच्यापर्यंत पोचलीच कशी?

तुमच्याच प्रश्नात याचा धागा आहे. दुपारी वाजतो, रात्री वाजत नाही, तळण मात्र दोन्ही वेळी सारखंच. मग तळणाला दोष कसा द्यायचा? आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर सकाळी उशिरा समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. रात्री तो पडतो, पुढे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला असेल तर भर तळणाच्या वेळी वारा खिडकीतून आत घुसतो, तव्यावरचा धूर हूडखालून (शेगडीवरच्या, धूर खेचणाऱ्या पत्र्याच्या छत्रीखालून) बाजूला ढकलतो आणि सगळी हवा पॅसेजच्या दारातून आत, इमारतीत लोटतो. रात्री तोच हूड, तोच आचारी, पण ढकलणारा वारा नाही. हे खरं की खोटं ते तपासायला पैसे लागत नाहीत. एक दिवस ती खिडकी दुपारी बंद ठेवून तळा. दुसऱ्या दिवशी उघडी ठेवा, पण सकाळी नऊच्या आत, वारा नसताना, तेवढंच तळा. दोन दिवसांत उत्तर मिळेल. तुमची खिडकी पश्चिमेला आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हा माझा अंदाज समजा. पण दुपार आणि रात्र यांतला फरक हवेनेच पडतो आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही.

यानंतर अगरबत्तीची चाचणी. पॅनेल टेस्ट मोडवर टाका, रिसेप्शनला सांगून ठेवा, आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे सगळे बर्नर आणि हूड चालू असताना, पेटती अगरबत्ती घेऊन फिरा. पहिल्यांदा हूडच्या चारही कडांखाली धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. जिथे तो लोंबकळतो, बाहेर वळतो किंवा खाली येतो, ती जागा खडूने खूण करून ठेवा. मग स्वयंपाकघराच्या दारात या. अगरबत्ती आधी पायाशी धरा, मग कमरेशी, मग चौकटीच्या वरच्या कडेला. पुष्कळ जण नुसती कमरेशी धरून बघतात, धूर आत जातो, आणि म्हणतात की स्वयंपाकघर हवा खेचतंय, सगळं ठीक आहे. पण गरम हवा वरच्या थरात असते. खालून गार हवा आत येत असतानाच वरून गरम तेलकट हवा बाहेर पडत असते, एकाच दारातून दोन्ही दिशांना. आणि डिटेक्टर छतालाच असतो, त्यामुळे त्याला नेमका हाच वरचा थर मिळतो.

चौकटीच्या वर धूर बाहेर जात असेल तर दोन साधे उपाय आहेत. दाराला डोअर क्लोजर लावा आणि वेटर लोकांना पाचर किंवा सिलिंडर लावून दार उघडं ठेवू देऊ नका. दार उघडंच लागणार असेल तर दाराच्या वर छतापासून खाली उतरलेला आडवा पडदा, न जळणाऱ्या बोर्डाचा, निदान दीड-दोन फूट खाली येईल असा. धुराचा थर त्याच्यामागे अडतो आणि हूडला तो खेचायला वेळ मिळतो. जुन्या घरांचं गेस्टहाउस केलेलं असेल तर फॉल्स सीलिंगच्या वरही बघा. आपल्या जुन्या घरांत रांधपाची खोली मागे, थोडी वेगळी असायची, आणि कौलांच्या फटींतून धूर आपोआप निघून जायचा. त्या छताखाली जिप्सम बोर्ड मारला की धुराची ती वाट बंद होते, आणि केबलसाठी पाडलेल्या भोकांतून, पाइपच्या शाफ्टमधून तो नवी वाट काढतो. तळमजल्याचा पॅसेज सोडून थेट पहिल्या मजल्याचा डिटेक्टर वाजतो, तेव्हा मी आधी शाफ्ट बघतो. ती भोकं आग रोखणाऱ्या सीलंटने बुजवायची. पीयू फोम (पॉलियुरेथेनचा फुगणारा फेस) मारून मोकळे होऊ नका, साधा फोम आगीत जळतो आणि आग वरच्या मजल्याला नेतो.

शाफ्टमध्ये काही सापडलं नाही तर चिमणीचं, म्हणजे हूडमधला धूर बाहेर नेणाऱ्या डक्टचं, तोंड बघा. गोव्यात पाऊस धो-धो, म्हणून डक्टच्या टोकाला पत्र्याची टोपी बसवतात. टोपीला आपटून धूर खाली वळतो आणि समुद्राचा वारा तो वरच्या मजल्याच्या खिडकीत किंवा एसीच्या ताज्या हवेच्या जाळीत घालतो. तोंड सरळ वर उघडं हवं. पावसाचं पाणी आत येतं त्यासाठी बाहेरून मोठ्या व्यासाची दुसरी नळी बसवतात, पाणी दोन नळ्यांमधून वाहून बाहेर पडतं. कोणत्याही खिडकीपासून किंवा हवा आत घेणाऱ्या जाळीपासून हे तोंड निदान तीन मीटर लांब असावं, आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून त्याहून जास्त.

आता हूड. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

हूड किती हवा खेचतो हे ब्लोअरच्या, म्हणजे हवा खेचणाऱ्या पंख्याच्या, पाटीवर लिहिलेलं असतं, पण ती पाटी वाचून काही ठरत नाही. ढोबळ हिशेब असा करतात. हूडच्या ज्या कडा उघड्या आहेत त्यांची लांबी, गुणिले हूडची खालची कड आणि शेगडी यांतलं अंतर, गुणिले हवेचा वेग. समजा भिंतीला लागून 2.4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद हूड आहे. उघड्या कडा 2.4 अधिक 1.2 अधिक 1.2, म्हणजे 4.8 मीटर. शेगडीपासून हूडपर्यंत 1.1 मीटर. वेग सेकंदाला 0.25 मीटर धरला तर सेकंदाला 1.32 घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे 4,750 घनमीटर, ठेकेदाराच्या भाषेत 2,800 सीएफएम (मिनिटाला घनफूट). हा आकडा साध्या गॅसच्या शेगडीचा. कोळशाची भट्टी किंवा तंदूर असेल तर आणखी हवा लागते.

मग विचारा, की ही 4,750 घनमीटर हवा आत येते कुठून? बाहेर तेवढी फेकायची तर आत तेवढी यायला हवी. हूडच्या ऑर्डरमध्ये याचा उल्लेखच नसतो. एक मीटर बाय एक मीटरची एकच खिडकी उघडी असेल तर तिच्यातून सेकंदाला 1.3 मीटरने झोत येतो, हूडच्या कडेला आपण धरलेल्या वेगाच्या पाचपट. तो झोत तव्यावरून गेला तर कितीही मोठा ब्लोअर लावा, धूर बाजूलाच जाणार. अशा वेळी मोठा ब्लोअर बसवला की खिडकीतला झोतही तेवढाच वाढतो आणि दुखणं वाढतं. लोकांना हे पटत नाही. ताजी हवा पसरट, मंद यायला हवी: शेगडीपासून लांब, मोठ्या जाळीतून, शक्य असल्यास वेगळा फ्रेश एअर ब्लोअर लावून. बाहेर जाणाऱ्या हवेच्या ऐंशी-नव्वद टक्के अशी द्यायची आणि उरलेली जेवणघराच्या बाजूने दारातून येऊ द्यायची. म्हणजे जेवणघरातून हवा स्वयंपाकघरात येते, उलट जात नाही. शंभर टक्क्यांहून जास्त ताजी हवा दिली तर स्वयंपाकघर फुग्यासारखं फुगतं आणि वास, वाफ, धूर सगळं पाहुण्यांकडे.

तुम्ही लिहिलं आहे की हूडशिवाय पॅसेजच्या भिंतीत एक एक्झॉस्ट फॅनही आहे. तो बंद करून बघा. पॅसेजमधला फॅन पॅसेजची हवा बाहेर फेकतो, त्या जागी स्वयंपाकघरातली हवा येते. डिटेक्टरच्या दिशेने धूर ओढून आणायची सोय आपणच केलेली असते. तसंच शेगडीजवळचा छताचा पंखा आणि आचाऱ्यासाठी लावलेला भिंतीवरचा पंखा. आचाऱ्याला पंखा नको असं मी म्हणणार नाही, मे महिन्यात तिथे उभं राहून बघा. पण त्याचा झोत आचाऱ्याच्या पाठीवर असावा, तव्यावर नसावा.

हूडच्या बाहेर आलेला तवा हे आणखी एक नेहमीचं प्रकरण. मूळ हूड तीन बर्नरच्या शेगडीसाठी बनवलेला असतो. धंदा वाढतो, मग मासे भाजायला शेजारी मोठा तवा ठेवतात, आणि त्याचा अर्धा भाग हूडच्या बाहेर. हूड शेगडीच्या प्रत्येक उघड्या बाजूने निदान 150 मिलिमीटर पुढे यायला हवा. तवा सरकवून हूडच्या मधोमध आणणं आणि भाताचं पातेलं कडेला नेणं, एवढ्याने काही ठिकाणी अलार्म थांबलेले मी पाहिले आहेत.

यंत्राकडे बघताना तीन गोष्टी. फिल्टर: जाळीचे असतील तर फेका, पत्र्याच्या पट्ट्यांचे बॅफल फिल्टर लावा. बॅफलच्या पट्ट्या उभ्या असायला हव्यात. धुऊन परत लावताना पोरं ते आडवे बसवतात, मग तेल निथळत नाही, साचतं. तळण जास्त असेल तर रोज रात्री गरम पाणी आणि डिग्रीजर. बेल्ट: ब्लोअर बेल्टवर चालत असेल तर सैल झालेला बेल्ट मोटर फिरवत ठेवतो, पंखा मात्र हळू. मोटरचा आवाज ऐकून सगळं ठीक आहे असं वाटतं.

आणि तिसरी, जी इलेक्ट्रिशियनला सांगूनही पटत नाही: ब्लोअर उलटा फिरत असू शकतो. थ्री-फेज मोटरला कुणी दुरुस्तीनंतर दोन फेज अदलाबदल करून जोडले की ती उलटी फिरते. साधा पंखा उलटा फिरला तर हवा उलटी येते, लगेच कळतं. पण डक्टवर असतो तो सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने बाहेर टाकतो, फक्त पुष्कळ कमी. म्हणजे आवाज आहे, तोंडातून थोडी हवाही येते आहे, आणि हूड मात्र मेलेला. ब्लोअरच्या डब्यावर बाण असतो. मोटर बंद करताना, थांबत आलेली पुली त्या बाणाच्या दिशेने फिरते आहे का ते बघा. तुमचा त्रास कुठल्याशा विजेच्या कामानंतर सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी हेच.

डक्टमधलं तेल हा अलार्मपेक्षा मोठा विषय आहे. डक्ट तेलाने माखलं की हवा कमी जाते हे खरं, पण एकदा तव्याची ज्वाळा आत गेली तर तो आडवा पडलेला तेलाचा दिवाच. आत हात घालता येईल अशी दारं डक्टला हवीत. एनएफपीए 96 या अमेरिकी मानकात जोरात चालणाऱ्या स्वयंपाकघरांसाठी तिमाही तपासणी सांगितली आहे, कोळसा-लाकडावर शिजत असेल तर दर महिन्याला. सीझनमधल्या कांदोळीच्या रेस्टॉरंटने स्वतःला जोरात चालणाऱ्यांतच धरावं.

धूर मुळात कमी कसा होईल, हे आचाऱ्याशी बोलण्याचं काम आहे आणि ते नाजूक असतं. घाण्याचं खोबरेल साधारण 175 अंशांच्या आसपास धुरावायला लागतं, आणि मासे तळायला 175 ते 190 लागतात. म्हणजे तेल कामाला येतं तेव्हाच धूर सुरू. रिफाइंड तेल 200 च्या वरही शांत असतं. चव खोबरेलाची हवी असेल तर कढी-हुमणात घाला, तव्यावर रिफाइंड वापरा, असं मी सुचवतो. काही आचारी ऐकतात, काही माझ्याकडे दयेने बघतात. तेल बदलायचं नसेल तर रवा तरी सांभाळा. तळून झाल्यावर तव्यावर उरलेला सुटा रवा काळा पडतो आणि पुढच्या खेपेत खरा धूर त्याचाच निघतो. दर खेपेला तवा कापडाने पुसून घेतला, मासा तव्यावर टाकण्याआधी जास्तीचा रवा झटकला की फरक दिसतो. जुनं, पुन्हा पुन्हा वापरलेलं तेल नव्यापेक्षा लवकर धुरावतं. शागुतीचा मसाला, खोबरं आणि मिरच्या भाजणं हे सकाळी, गिऱ्हाईक नसताना, हूडच्या मधल्या बर्नरवर.

आता डिटेक्टर. स्वयंपाकघरात छताला हीट डिटेक्टर, यावर ठेकेदाराचं आणि माझं एकमत. पण कुठला ते विचारा. हीट डिटेक्टर दोन तऱ्हेचे. एक ठरलेल्या तापमानाला वाजतो, दुसरा तापमान झपाट्याने चढलं की वाजतो, साधारण मिनिटाला आठ अंशांच्या वेगाने. तंदूरचं झाकण काढलं किंवा ओव्हनचं दार उघडलं की दुसऱ्याला आग लागल्यासारखंच वाटतं, म्हणून स्वयंपाकघरात पहिला, ठरलेल्या तापमानाचा. युरोपीय वर्गवारीतला ए1 वर्ग 54 ते 65 अंशांना वाजतो, बी वर्ग 69 ते 85 ला. भर दुपारी छताजवळ थर्मामीटर धरा. 50 च्या वर जात असेल तर बी घ्या, नाहीतर ए1. आणि स्मोक काढून त्याच बेसवर हीट लावला की झालं, असं नाही. हीट डिटेक्टरची पोच कमी. स्मोक डिटेक्टर ढोबळमानाने साडेसात मीटर त्रिज्येतलं बघतो, हीट 5.3 मीटर त्रिज्येतलं. मोठ्या स्वयंपाकघरात एकाच्या जागी दोन लागतील.

पॅसेज आणि कॉरिडॉरमध्ये स्मोकच. अमेरिकी एनएफपीए 72 चा घरगुती स्मोक अलार्मसाठीचा नियम इथे उपयोगी पडतो: शेगडीपासून तीन मीटरच्या आत स्मोक नको, तीन ते सहा मीटरमध्ये असेल तर फोटोइलेक्ट्रिक. आयोनायझेशन जातीचा जुना डिटेक्टर तिथे असेल तर तो बदलाच. तो तव्यावरच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर भडकतो, आणि त्यात अमेरिशियम-241 हा किरणोत्सारी पदार्थ असतो, त्यामुळे तो भंगारात टाकायचा नसतो, उत्पादकाकडे परत द्यायचा. एसीच्या जाळीपासूनही निदान एक मीटर लांब राहायचं. पॅसेजमधला डिटेक्टर दारावरून चार-पाच फूट सरकवल्याने पुष्कळदा काम होतं, मात्र सरकवल्यावर पॅसेजचं दुसरं टोक उघडं पडत नाही ना ते मोजून बघा. सरकवायला जागाच नसेल तर धूर आणि तापमान दोन्ही बघणारा मल्टिसेन्सर घ्या. तो महाग आहे, पण एका जागेपुरताच घ्यायचा आहे. अख्ख्या इमारतीला तो विकत असतील तर नको म्हणा.

ठेकेदार आणखी एक सुचवेल: सेन्सिटिव्हिटी कमी करू. हवेचं काम झाल्यावर, एकट्या पॅसेजच्या डिटेक्टरची, आणि दिवसापुरती, इतपत ठीक. पॅनेल अ‍ॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं, असेल तर दिवसा एक आणि रात्री एक अशी पातळी लावता येते. हूटर (भोंगा) वाजण्याआधी दोन-तीन मिनिटांचा अवधीही ठेवता येतो. रिसेप्शनवर बझर वाजतो, माणूस पळत जाऊन बघतो, तवा असेल तर रीसेट करतो. पण याला अटी आहेत. रिसेप्शनवर जागा माणूस हवा. दुसरा कुठलाही डिटेक्टर वाजला किंवा कुणी भिंतीवरच्या अलार्म-पेटीची काच फोडली तर अवधी त्या क्षणी रद्द होऊन हूटर वाजला पाहिजे. रात्री अकरानंतर, जेव्हा एक राखणदार खुर्चीत डुलत असतो, हा अवधी शून्य. या तिन्ही गोष्टी ठेकेदाराने तुमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय बिल देऊ नका.

पावसाळ्याबद्दल थोडंसं, कारण जूनमध्ये तुम्ही मला परत विचाराल. तेव्हा न तळताही अलार्म होतात. एसीच्या गार कॉरिडॉरचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, डिटेक्टरच्या कप्प्यात दव धरतं, आणि त्याला ते धुरासारखंच. बारीक मुंग्या, कोळ्याची जाळी, पालीची अंडी हेही आत सापडतं. समुद्राजवळ खाऱ्या हवेने बेसचे संपर्क गंजतात, पण त्याने सहसा फॉल्ट येतो, अलार्म नाही. डासांसाठी धुरी मारायला माणूस येणार असेल तर तेवढा वेळ ती झोन, म्हणजे त्या भागातल्या डिटेक्टरांचा गट, बंद ठेवून, संपल्यावर चालू केल्याची वहीत सही घ्या. डिटेक्टर सहा महिन्यांनी व्हॅक्यूमने साफ करून, टेस्ट गॅसने तपासून घ्यावे. अगरबत्ती डिटेक्टरखाली धरून तपासणारा मेकॅनिक पाठवला तर बदलून मागा, अगरबत्तीचा राळेसारखा थर आत बसतो.

गॅस डिटेक्टरचा अलार्म वेगळा, तो यात मिसळू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो. त्याच्यातला स्वस्त सेन्सर अल्कोहोलच्या वाफेवरही वाजतो. बारमध्ये फेणी सांडली, किंवा पोरांनी स्पिरिटने फरशी पुसली की तो ओरडतो. पॅनेलवर दोन्हींची वेगळी झोन नसेल तर करून घ्या, नाहीतर रिसेप्शनवरचा मुलगा गॅसगळतीला तव्याचा धूर समजून रीसेट करील.

ज्यांचा फ्लॅट आहे, ओपन किचन आहे, आणि बिल्डरने हॉलमध्ये डिटेक्टर दिला आहे, त्यांच्यासाठी एवढंच: चिमणीचं डक्ट बाहेर काढा, कोळशाच्या फिल्टरची बिनडक्टची चिमणी वास कमी करते पण वाफ आणि धुराचा पुष्कळ भाग खोलीतच परत सोडते. डक्ट 150 मिलिमीटरचं असेल तर भिंतीतल्या भोकासाठी ते 100 चं करू नका. चिमणी तळण सुरू करण्याआधी पाच मिनिटं लावा. आणि खिडकी उघडायची तर हॉलची नको, स्वयंपाकघरातली, तीही वारा आत येत नसेल तर.

परत तुमच्याकडे. एक वही घ्या, पॅनेलशेजारी बांधून ठेवा. अलार्म झाला की रीसेट दाबण्याआधी जाऊन बघायचं, कुठल्या डिटेक्टरचा लाल दिवा पेटलेला आहे. साध्या पॅनेलवर फक्त झोन दिसते, आणि रीसेट केलं की डिटेक्टरचा दिवा विझतो, पुरावा गेला. हूटर बंद करायच्या घाईत सगळेजण आधी रीसेटच दाबतात. हूटर गप्प करायचं बटण वेगळं असतं, ते दाखवून ठेवा. वहीत वेळ, कुठला डिटेक्टर, काय शिजत होतं, खिडकी उघडी की बंद, हूड चालू की बंद. पंधरा दिवस. तोवर पॅसेजचा एक्झॉस्ट बंद, तवा हूडखाली, ब्लोअरची दिशा तपासलेली, फिल्टर धुतलेले. एवढ्यात पैसा जवळजवळ लागत नाही. त्यानंतरही जे उरेल त्यासाठी ताज्या हवेची सोय, मग स्वयंपाकघरातले हीट डिटेक्टर, मग गरज पडली तर पॅसेजचा एक मल्टिसेन्सर, याच क्रमाने.

डिटेक्टरची जात किंवा जागा बदलली तर ठेकेदाराकडून नवं ड्रॉइंग घ्या. भारतात या कामासाठी आयएस 2189 हे भारतीय मानक आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेचा भाग 4 लागू होतो, त्याप्रमाणे काम केल्याचं त्याने लिहून द्यावं. तुमची अग्निशमन एनओसी (ना हरकत दाखला) ज्या ड्रॉइंगवर मिळाली ते आणि प्रत्यक्षातलं काम जुळत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते, म्हणून बदल करण्याआधी पणजीत सांतइनेजच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाला किंवा तुमच्या भागातल्या अग्निशमन केंद्राला विचारून घ्या. हूडचं मोजमाप, खिडक्या कुठल्या दिशेला आणि वहीची पंधरा दिवसांची पानं मला पाठवलीत तर ताज्या हवेच्या जाळीचा आकार मी काढून देईन.